दुसऱ्याच्या हातावर बांधलेला कर्व्ह

आमच्या छापखान्यात नवीन लागलेल्या माणसाला पहिले काही दिवस वाटे, की प्लेट रूममधल्या गृहस्थांचे आडनावच ‘ठिपके’ आहे. एका कारकुनाने तर त्यांच्या रजेच्या अर्जावर तसे टाइप करून ठेवले होते आणि त्यांनी तो न वाचता सही करून परत पाठवला होता. खरे म्हणजे ते टोपणनाव. समोर छापील कागद आला, मग तो बिस्किटाचा पुडा असो नाहीतर लग्नाची पत्रिका, ते खिशातले भिंग काढून त्यावर ठेवत, एक डोळा मिटत आणि म्हणत, “ठिपका फुगलाय.” एवढे बोलून पुडा परत देत. बिस्कीट घ्यायचे त्यांना सुचत नसे.

माझे हिशेबाचे टेबल प्लेट रूमच्या भिंतीला लागून होते आणि दुपारचा डबा ते तिथे येऊन खात. पुढचे बरेचसे मला त्यांच्याच तोंडून कळले. काही मी डोळ्यांनी पाहिले.

छापलेले चित्र म्हणजे रंगाचे बारीक ठिपके. गडद जागी मोठे, फिकट जागी लहान. पण प्लेटवर, म्हणजे ज्या पत्र्यावरून छापतात त्यावर, ठिपका जेवढा काढावा तेवढाच तो कागदावर उतरत नाही. दाबाखाली शाई पसरते, कागद ती पितो आणि ठिपका अंग धरतो. निम्मी जागा व्यापणारा ठिपका कागदावर पोचेपर्यंत पाऊण जागा अडवून बसतो. म्हणून प्लेट काढतानाच तो बेताने लहान काढायचा. किती लहान, हे फिकट जागी वेगळे, मध्यम जागी वेगळे, गडद जागी आणखी वेगळे. हा कमी करण्याचा बेत संगणकात एका वाकड्या रेषेने बसवतात. तिला छापखान्यात कर्व्ह म्हणतात. कापड आटणार म्हणून शिंपी दोन बोटे जास्त धरतो, तसेच हे, फक्त उलट. ठिपके आयुष्यभर हेच काम करत आले होते आणि ते उत्तम करत, याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. पंचाईत एवढीच होती, की त्यांचे काम कोणाला दिसत नसे.

दिसत असे तो बादशा.

बादशा मोठ्या चाररंगी मशीनवर सकाळच्या पाळीचा मशीनमन होता. अंगाने भरलेला, गळ्यात नॅपकिन, तोंडाने सदा काहीतरी गुणगुणणारा. हे नाव त्याला कोणी दिले ते माहीत नाही, पण मशीनपाशी तो ज्या थाटात उभा राहत असे, त्याला दुसरे नाव शोभलेही नसते. त्याला बादशा न म्हणणारा छापखान्यात एकच माणूस होता. ठिपके त्याला “अरे, ऐक” एवढेच म्हणत. आणि हा बादशा ठिपक्यांचा साडू होता. दोघी सख्ख्या बहिणी. थोरली ठिपक्यांच्या घरी, धाकटी बादशाच्या. लग्न झाले तेव्हा बादशाला धड नोकरी नव्हती. सासऱ्यांनी गळ घातली आणि ठिपक्यांनीच त्याला छापखान्यात आणून उभे केले. “मी आणला त्याला, माझ्या हातानं,” असे ते डबा खाताना मला सांगत. त्यात उपकाराचा सूर नसे, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलेल्या माणसाचा सूर असे.

आमचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे एक बेकरीवाला. त्याच्या पावांचा आणि केकांचा जाडजूड कॅटलॉग आमच्याकडे छापला जाई. हा माणूस स्वतः मशीनपाशी स्टुलावर येऊन बसे. बादशाने शीट ओढून दिली, की ती नाकाशी धरून म्हणे, “अहो, वास येतोय पावाला! बादशा, तुझ्या हातात भट्टी आहे, भट्टी!”

“दादांची प्लेट आहे हो,” बादशा ठिपक्यांच्या खोलीकडे बोट करून म्हणायचा. तो मनाने तसा सरळ होता.

“हो हो, प्लेटपण लागतेच,” बेकरीवाला म्हणायचा आणि पुन्हा शीट हुंगायचा.

ठिपके दारात उभे राहून हे ऐकत. “प्लेटपण लागते,” ते मला नंतर म्हणाले होते. “कशी, तर खुर्चीला चौथा पाय लागतो तशी.”

सुट्टीच्या दिवशी दोन्ही जावई सासऱ्यांकडे जेवायला असत. सासऱ्यांच्या भिंतीवर बादशाने छापलेले कॅलेंडर होते, त्यावर द्राक्षांचा घड.

“धाकट्यांनी छापलंय,” सासरे आल्यागेल्याला सांगत. “तोडून तोंडात टाकावीशी वाटतात की नाही?”

“प्लेट मी काढली होती,” एकदा ठिपके बोलून गेले.

“हो का? कुठे दिसते ती?”

“ती दिसत नाही.”

“मग राहू द्या,” सासरे म्हणाले आणि त्यांनी बादशाला आणखी वाढायला सांगितले.

परतताना थोरली म्हणाली, “आज तुम्हाला जेवण गेलं नाही.”

“त्या कॅलेंडरमध्ये ठिपका फुगलाय.”

“कॅलेंडरमध्ये की तुमच्या पोटात?”

बायकोचे निदान बरोबर होते. बादशा हसला तरी त्यांना लागे आणि गप्प बसला तरी लागे. त्याच्या हातात कला आहे असे लोक म्हणत, तेव्हा ठिपक्यांना वाटे, की हा नुसता तोंडाचा गोड आहे आणि मशीनच्या पुढच्या बाजूला उभा आहे. मागच्या खोलीत उभा असता तर कोणी विचारले नसते.

अशात आमचे जुने फोरमन निवृत्त व्हायला आले. मालकीणबाईंनी दोघांना बोलावून सरळच सांगितले, “बाहेरचा माणूस आणणार नाही. तुमच्यापैकीच एक. बेकरीचा नवा कॅटलॉग बाहेर पडेपर्यंत मी बघते आणि मग सांगते.” मालकीणबाई वडिलांच्या माघारी छापखाना चालवत होत्या. बोलणे मोजके, पण दिलेला शब्द मागे घेणाऱ्या नव्हत्या.

ठिपक्यांची नोकरी जास्त, वय जास्त. जागा आपलीच, असे त्यांनी धरले होते. आता ती स्पर्धा झाली. साडू फोरमन झाला, तर आपली प्रत्येक प्लेट त्याच्या होकारासाठी न्यायची आणि सुट्टीच्या दिवशी सासऱ्यांच्या पंगतीत त्याच्या बढतीचे कौतुक ऐकायचे. या विचाराने त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. माझ्यासमोर ते डब्याचे झाकण इतके जोरात लावत, की पुढच्या टेबलावरची बाई दचकायची.

त्याच सुमाराला प्लेट काढायचे नवे यंत्र आले. यंत्र बदलले, की जुना कर्व्ह निरुपयोगी. नवा बांधायची रीत ठरलेली असते. आधी काहीही कमी न करता साधी प्लेट काढायची. ती मशीनवर चढवायची आणि मशीनमनने रोजच्यासारखी छापायची. शीटच्या कडेला ठिपक्यांची एक पट्टी असते. ती यंत्राने मोजायची, म्हणजे ठिपका कुठे किती फुगला ते कळते. जेवढा फुगला, त्या बेताने तो प्लेटवर आधीच बारीक करायचा. थोडक्यात, कर्व्ह बांधायचा तो छापणाऱ्याच्या हातावर. आणि चित्रांची सगळी मोठी कामे बादशा छापत असल्यामुळे तो बादशाच्या हातावर बांधायला हवा होता.

ठिपक्यांनी साधी प्लेट दुपारच्या पाळीला दिली.

दुपारच्या पाळीला त्याच मशीनवर एक चष्मेवाला होता. माणूस सज्जन, पण भित्रा. काम फिके गेले म्हणून कोणी बोलेल या धास्तीने तो शाई सैल सोडायचा आणि शाई जास्त झाली म्हणून, ती प्लेटवर नको तिथे पसरू नये यासाठी सोडतात ते पाणीही वाढवायचा. त्याची कामे नेहमी जराशी काळवंडलेली निघत. हे ठिपक्यांना माहीत नव्हते असे नाही.

“सकाळी का नाही छापून घेतलं?” मी त्यांना विचारले होते.

“सकाळी मशीनला वेळ कुठे असतो? राजेसाहेब बिझी असतात.”

खरे कारण त्यांनी पुढे सांगितले. बादशाचा वाराही न लागलेले एक सुंदर काम त्यांना लोकांना दाखवायचे होते. एकदाच. मग लोकच विचारतील, हे कोणी केले, आणि शोधत शोधत प्लेट रूममध्ये येतील.

झालेही तसेच. चष्मेवाल्याच्या शीटवर ठिपके टम्म फुगले होते. ठिपक्यांनी त्या मापाने खोल कर्व्ह बांधला. त्यानंतर चष्मेवाल्याने साबणाच्या खोक्याचे काम छापले आणि ते असे काही उजळ निघाले, की मालकीणबाईंनी शीट आपल्या टेबलावर नेली.

“हे दुपारच्या पाळीत छापलंय?” त्यांनी विचारले. “चष्मेवाल्यानं? मग ही प्लेटचीच करामत.”

प्लेटची करामत. ठिपक्यांनी ते वाक्य मला दोनदा ऐकवले आणि त्या दिवशी डब्यातली आपली भाजी मला वाढली.

मग बेकरीचा कॅटलॉग सकाळच्या पाळीत मशीनवर चढला. बेकरीवाला स्टुलावर बसला होता. बादशाने पहिली बरी शीट ओढून त्याच्या हातात दिली. त्याने ती नाकाशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली.

“बादशा, हे पाव भट्टीत घालायचे राहिले का रे?”

पाव खरोखरच पांढुरके होते. आजाऱ्याच्या गालांसारखे. बादशाने शाई वाढवली. तेव्हा पावांच्या गडद कडा कोळशासारख्या झाल्या आणि पोट तसेच फिके राहिले.

“आता जळले!” बेकरीवाला ओरडला. “बाहेरून जळके, आतून कच्चे! माझ्या आचाऱ्यानं असे काढले असते तर त्याला मी घरी पाठवला असता.”

प्लेट रूममधून ठिपक्यांना बोलावले. त्यांनी शीटवर भिंग ठेवले, एक डोळा मिटला, आणि त्यांना सगळे कळले. बादशाचा हात कोरडा, आखडता. शाई मोजून, पाणी त्याहून मोजून. त्याच्या शीटवर ठिपका फुगतच नव्हता फारसा. आणि प्लेट काढली होती ती भरपूर फुगणार असे धरून. चष्मेवाल्याच्या अंगाचा सदरा बादशाला घातला होता.

त्यांनी भिंग उचलले.

“प्लेट मोजलीय मी,” ते म्हणाले. “प्लेट बरोबर आहे.”

हे खोटे नव्हते. प्लेट कर्व्हप्रमाणे तंतोतंत निघाली होती. फक्त कर्व्ह कोणाचा, हे त्यांनी सांगितले नाही आणि विचारायचे कोणाला सुचले नाही.

“मग माझंच काहीतरी बिनसलंय,” बादशा म्हणाला.

“पाणी बघ जरा,” ठिपक्यांनी सुचवले. हे मात्र सरळ दिशाभूल करणे होते.

बादशाने पाणी बघितले, रूळ काढून धुतले, प्लेटवरची शाई कागदावर उतरवणारे रबरी ब्लँकेट बदलले. तरी पाव फिकेच. कॅटलॉग मागे ठेवावा लागला. इतर कामेही तशीच निघू लागली. त्याच मशीनवर, तशाच प्लेटांनी दुपारी चष्मेवाल्याचे काम सुरेख निघत होते. म्हणजे मशीनला दोष नाही, प्लेटला दोष नाही. मग उरला कोण? चहाच्या वेळेला लोक आवाज उतरवून बोलू लागले, “बादशाचा हात गेला.”

ठिपक्यांना त्या दिवसांत शांत झोप लागत असे, असे त्यांनीच मला सांगितले. सासऱ्यांनी जेवताना विचारले, “काय हो, धाकट्यांचं काय बिनसलंय कामात?” तेव्हा ठिपके समजूतदार आवाजात म्हणाले, “होतं असं. वय होतं माणसाचं.”

“तुम्ही त्यांच्याहून मोठे ना?” सासऱ्यांनी विचारले.

धाकटीने त्यांना स्वयंपाकघराच्या दारात गाठले. तिचे डोळे सुजलेले होते.

“भाऊजी, ह्यांचे डोळे तपासून आणले. डॉक्टर म्हणतात, डोळे स्वच्छ आहेत, थकवा असेल, हे थेंब घाला. पण ह्यांचा विश्वासच नाही बसत. घरी रंगीत कपडे घेऊन खिडकीत बसतात. हा लाल दिसतो ना, हा नारिंगी दिसतो ना, असं मला विचारतात. काल म्हणाले, तुझी साडी कोणत्या रंगाची आहे ते मला सांगू नकोस, मी सांगतो. बरोबर सांगितला, तरी म्हणाले, तू माझं मन राखतेस. तुम्ही रोज तिथे असता. तुम्हाला काय वाटतं?”

“बघतो मी,” ठिपके म्हणाले. खरे तर ते सगळे बघून बसले होते.

त्यानंतर बादशा आपणहून मालकीणबाईंकडे गेला. “फोरमन दादांना करा,” तो म्हणाला. “माझ्या नजरेचा मलाच भरवसा राहिला नाही. उगाच कॅटलॉगपर्यंत थांबू नका.” “ते मी बघते,” एवढेच त्या म्हणाल्या.

ठिपक्यांना पाहिजे ते घरबसल्या मिळाल्यातच जमा होते. ते खूश व्हायला हवे होते. पण बातमी फुटली आणि छापखान्यात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, “मन बघा बादशाचं! आपली चूक कबूल करायला केवढं मोठं मन लागतं!” बाइंडिंगमधल्या बायका त्याच्यासाठी हळहळल्या. ज्याचा कॅटलॉग अडला होता तो बेकरीवालाच केकचे खोके घेऊन आला आणि म्हणाला, “बादशा, मी दुसरीकडे जात नाही. तू बरा हो, मग छाप.” खोके फिरत फिरत प्लेट रूमपाशी आले तेव्हा त्यात एक चेपलेला तुकडा उरला होता.

आणि सासरे म्हणाले, “धाकट्यांनी जागा सोडली म्हणे तुमच्यासाठी.”

ठिपक्यांनी हे मला सांगितले तेव्हा त्यांचा घास हातातच होता. “सोडली म्हणे! भिकाऱ्याला सोडावी तशी. अहो, मी त्याला चारीमुंड्या चीत केलाय आणि लोक त्यालाच खांद्यावर घेऊन नाचतायत. डोळे गेले म्हणून तो हरला, असंच म्हणणार सगळे. मी जिंकलो असं कोण म्हणणार?”

“चीत केलाय म्हणजे?” मी विचारले.

ते डबा न संपवता उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन मोकळे असताना ते एक प्लेट घेऊन बादशापाशी गेले. “अरे, ऐक. ही साधी प्लेट आहे. नेहमीसारखी छाप. रंगाकडे बघू नकोस, पाव नाहीत यात. नुसत्या पट्ट्या आहेत.”

“कशाला दादा? माझा हात कुठे...”

“मला मोजायचाय तुझा हात.”

यात पश्चात्ताप किती होता हे मी सांगू शकत नाही. त्यांनी मला जे सांगितले ते असे, की बादशाच्या हातात नेमके काय आहे ते त्यांना एकदाचे बघायचे होते. त्यांची खात्री होती, की काही नसणार. पहिली शीट एक, मधली दुसरी, शेवटची तिसरीच, असा गोंधळ सापडेल आणि आपल्या मनाचे समाधान होईल.

बादशाने प्लेट छापली. ठिपक्यांनी गठ्ठ्याच्या वरची शीट घेतली, मधून घेतल्या, तळची घेतली, आणि दार लावून मोजायला बसले. वरच्या शीटवर जेवढा ठिपका फुगला होता तेवढाच मधल्या शीटवर. तेवढाच तळच्या शीटवर. डाव्या कडेला तेवढाच, उजव्या कडेला तेवढाच. यंत्र बिघडले असेल म्हणून त्यांनी काच पुसली आणि पुन्हा मोजले. मग चष्मेवाल्याचा जुना गठ्ठा काढून तो मोजला. तिथे आकडे वरपासून खालपर्यंत झोके खात होते. यंत्र ठणठणीत होते. पुन्हा बादशाचा गठ्ठा. पुन्हा तोच आकडा.

“यंत्राला सासरा नसतो हो,” ते मला म्हणाले. “त्याला द्राक्षंही कळत नाहीत.”

इतकी वर्षे त्यांच्या जळफळाटाला एक आधार होता, तो म्हणजे बादशाचे कौतुक फुकटचे आहे. तो आधार त्यांनी स्वतःच्या यंत्राने काढून घेतला. त्या दिवशी मला त्यांचा चेहरा दात काढून आलेल्या माणसासारखा वाटला.

त्यांनी बादशाच्या हातावर दुसरा कर्व्ह बांधला. कॅटलॉगच्या प्लेटा नव्याने काढल्या आणि कारण न सांगता मशीनवर पाठवल्या. बेकरीवाल्याला निरोप गेला. मालकीणबाईही येऊन उभ्या राहिल्या. मी बिलाचे काहीतरी विचारायला तिथे गेलो होतो, म्हणून पुढचे मला प्रत्यक्ष बघायला मिळाले.

बादशाने शीट ओढली आणि स्वतः न बघताच बेकरीवाल्याकडे दिली. बघायची त्याला भीती वाटत असावी. बेकरीवाल्याने शीट नाकाशी नेली. बराच वेळ त्याने ती खाली घेतली नाही.

“आला!” तो ओरडला. “वास आला! भाजलाय बघा कसा! बादशाचा हात परत आला!”

बाइंडिंगच्या बायका धावत आल्या. चष्मेवाल्याने टाळ्या वाजवल्या. कोणीतरी बादशाच्या पाठीवर थाप मारली. बादशा नॅपकिनने डोळे पुसत होता. “हात परत आला, हात परत आला,” एवढेच सगळीकडे.

ठिपके प्लेट रूमच्या दारात उभे होते. गप्प राहिले असते तर सगळे निभावून गेले असते. डोळ्याच्या थेंबांना गुण आला असे लोकांनी धरले असते. पण ते कौतुक त्यांना ऐकवेना.

“हात कुठे गेलाच नव्हता!” ते मोठ्याने म्हणाले. सगळे वळले. “परत काय येणार, कपाळ? प्लेट होती ती! माझी प्लेट! चष्मेवाल्याच्या हातावर बांधलेला कर्व्ह होता, म्हणून पाव पांढरे पडले. आता ह्याच्या हातावर बांधला, म्हणून भाजले. पाडला तोही माझ्या प्लेटनं आणि उभा केला तोही माझ्या प्लेटनं. समजलं?”

आपण काय बोललो हे ठिपक्यांच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. श्रेय मागायला गेलेला माणूस गुन्हा पदरात घेऊन उभा होता.

“दादा,” बादशाने विचारले, “हे तुम्हाला कधी कळलं?”

“पहिल्या शीटला.”

“म्हणजे मी डोळ्यांत थेंब घालत होतो, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो.”

बादशाने मान हलवली. नॅपकिन गळ्यात नीट केला आणि तो बेकरीवाल्याकडे वळला. “शेठ, हा रंग पक्का ना? मग चालू करतो.” त्या दिवशी तो गुणगुणला नाही.

त्या संध्याकाळी घरी थोरली एवढेच म्हणाली, “माझ्या बहिणीच्या घरी रडारड चालली होती आणि तुम्ही पोटभर जेवून झोपत होतात.” त्यानंतर कित्येक दिवस ती त्यांचे ताट वाढून ठेवी आणि आत निघून जाई.

कॅटलॉग बाहेर पडल्यावर मालकीणबाईंनी दोघांना बोलावले. जागा बादशाला द्यायची हे त्यांनी ठरवले होते आणि तसे त्या म्हणाल्या.

“नको,” बादशा म्हणाला.

“आता काय? डोळे ठीक आहेत ना?”

“डोळे ठीक आहेत. फोरमनला मशीन सोडावं लागतं, ते मला जमायचं नाही. शिवाय फोरमनला सारखं प्लेट रूममध्ये जावं लागतं.” ठिपके शेजारच्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्याकडे न बघता तो बोलत होता.

मालकीणबाईंनी पेन खाली ठेवले. “मग तुम्ही,” त्या ठिपक्यांना म्हणाल्या. “तुमच्यावर मी खूश आहे असं समजू नका. पण कोणाचा हात कसा आहे हे तुम्ही मोजलंत आणि दुसरा माणूस माझ्याकडे नाही. बादशा नाही म्हणतो म्हणून तुम्ही. चालेल?”

स्वाभिमानी माणसाने नकार दिला असता, असे ठिपके स्वतःच मला म्हणाले. “पण मला ती जागा हवी होती हो. उष्टी का होईना.” त्यांनी ती घेतली.

सासऱ्यांनी अभिनंदन केले. “छान झालं. धाकट्यांनी नको म्हटलं ना?”

“हो.”

“मोठ्या मनाचा आहे.”

फोरमन म्हणून त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की बादशाच्या हातावरचा कर्व्ह छापखान्याचा मुख्य कर्व्ह ठरवला आणि चष्मेवाल्याला त्या मापाने शाई आवळायला लावली. चष्मेवाला रोज धास्तावलेला असे. ठिपके त्याच्यापाशी उभे राहून म्हणत, “त्याच्यासारखं छाप. बघ, तो किती सोडतो, तेवढीच.” हे वाक्य त्यांना दिवसातून अनेकदा बोलावे लागे आणि दर वेळी ते औषधाच्या कडू घोटासारखे त्यांच्या घशाखाली उतरे.

फोरमनच्या काचेच्या केबिनमधून मोठे मशीन समोरच दिसते. पक्क्या रंगाच्या शीटवर फोरमनची सही झाल्याशिवाय काम पुढे जात नाही, हा नियम जुनाच. बेकरीचा पुढचा कॅटलॉग चढला, तेव्हा बादशा शीट घेऊन केबिनमध्ये आला आणि टेबलावर पसरून म्हणाला, “सही.”

पुढे ‘दादा’ नव्हते.

ठिपक्यांनी भिंग लावले. वरचा कोपरा, खालचा कोपरा, मधला मोठा पाव, त्याची पाठ, त्याची सावली. बाहेर बेकरीवाला स्टुलावरून मान उंचावून बघत होता. बादशा कमरेवर हात ठेवून उभा होता. ठिपके एकेका जागेवरून पुन्हा पुन्हा गेले. काहीतरी सापडायला हवे होते. एखादी कड, एखादा डाग, निदान एखादा केस.

“मशीन थांबलंय,” बादशा म्हणाला.

“हो,” ठिपके म्हणाले आणि त्यांनी सही केली. मग मान वर न करता म्हणाले, “चांगलं छापलंय.”

बादशाने शीट उचलली. “माहितेय,” तो म्हणाला आणि दार लोटून मशीनकडे गेला.

ठिपके काचेतून बघत राहिले. बादशाने शाई कमीजास्त करायच्या एका खिळीला हात लावला, किती फिरवली ते कळूही नये इतकीच फिरवली, आणि सोडून दिली. ते फिरवणे ठिपक्यांना मोजता आले असते. करता आले नसते. त्यांच्या पोटात पुन्हा दुखू लागले आणि त्यांनी पुढच्या कामाची शीट मागवली.